कपाटाच्या दारावरची पेन्सिल

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं. कॉलेजच्या सभागृहात कसलीशी कार्यशाळा, पाहुणे पुण्याहून आलेले, आणि पहिल्या रांगेतले दोघे-तिघे नेट चालत नाही म्हणून मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होते. अशात पर्समधला फोन वाजला. अनोळखी नंबर. मी कापला. परत वाजला, परत कापला. आमच्या कामात अनोळखी नंबर म्हणजे तक्रारच असते. तिसऱ्यांदा वाजल्यावर व्हरांड्यात येऊन मी तडकूनच विचारलं, कोण बोलतंय. पलीकडून अगदी शांत आवाज आला, "मी प्रज्ञा बैसाणे, धुळ्याहून. पप्पा गेले, मॅडम. त्यांच्या डायरीत तुमचा नंबर पहिल्या पानावर होता, म्हणून..." आपण हा फोन दोनदा कापला, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. मग आत जाऊन मी पुन्हा त्या नेटच्या मागे लागले. ते दहा मिनिटांत सुरूही झालं. काय केलं ते आठवत नाही.

यशवंत बैसाणे. जळगाव-धुळ्यात ज्यांचा त्यांच्याशी संबंध आला ते सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची आपल्याकडे रीत आहे, आणि भाऊंबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तरी मला काही सापडणार नाही. पण हा लेख अर्धाच त्यांच्याबद्दल आहे. उरलेला अर्धा माझ्याबद्दल आहे, आणि तो लिहायला मी सहा वर्षं उशीर केला आहे. भाऊ एका कामातून नामुष्कीने बाहेर पडले, त्यांचं नाव खराब झालं, ते ज्या चुकीपायी, ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. बाकी कुणालाच माहीत नव्हतं.

भाऊ मूळचे सोनगीरचे. घरची शेती नव्हती, वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. भाऊ शिकले, टेलिफोनच्या तारांच्या कामाला लागले, खांबांवर चढण्यात बरीच वर्षं घालवली, आणि तारांचे दिवस सरत आलेत हे ओळखून चाळिशी उलटल्यावर बिनतारी जाळ्याचं काम शिकले. धुळ्यात देवपूरला छोटं घर बांधलं. इमारतीत वायफाय लावून देणारे तेव्हाही पुष्कळ होते. लावल्यानंतर ते रडत का चालतं हे शोधून देणारा मात्र मला तरी हा एकच माणूस ठाऊक होता. मी जळगावच्या एका कॉलेजात संगणक विभाग सांभाळते. पहिल्यांदा मी त्यांना बोलावलं त्याला आता चौदा वर्षं होतील. ग्रंथालयात दुपारी एक वाजला की सगळ्यांचं नेट मेल्यासारखं व्हायचं आणि अडीचला आपोआप जिवंत व्हायचं. दोन जणांना दाखवून झालं होतं. दोघांनीही छतावरचे वायफायचे पांढरे डबे बदलून नवे लावले होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असला प्रकार.

भाऊ धुळ्याहून सकाळच्या एसटीने आले. पारोळा-एरंडोल करत तासन्‌तास बसून आलेला माणूस आधी चहा मागेल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, तक्रार कोण करतं? मी म्हटलं, सगळेच. ते म्हणाले, पहिल्यांदा कोणी केली? मग त्या मुलीच्या टेबलाशेजारी त्यांनी पिशवीतून एक घडीचं स्टूल काढून मांडलं आणि त्यावर बसले. लॅपटॉप उघडला नाही, डब्यांकडे पाहिलं नाही. एक तास नुसते बसून राहिले. मी दोनदा डोकावून गेले, तिसऱ्यांदा मनात म्हटलं, हे येडं कोण धरून आणलं आपण. एक वाजला. नेट मेलं. भाऊंनी मान उचलून पाहिलं की एक वाजता या खोलीत नवं काय घडलं. पार कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटांमागे, ग्रंथालयातले एक वयस्क लिपिक डबा खाऊन येत आणि आपला स्वतःचा जुनाट लॅपटॉप उघडून बसत. बस्स, एवढंच.

तेव्हा त्यांनी मला समजावलं ते अजून जसंच्या तसं कानात आहे. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं, ताई. बाकीच्यांनी थांबायचं, मग आपली पाळी. हा लॅपटॉप म्हातारा आहे आणि डब्यापासून लांब आहे, म्हणून एकेक शब्द ओढून ओढून बोलतो. त्याचं बोलणं संपेपर्यंत चाळीस जण तोंड मिटून बसतात. मी लगेच उठले, त्या लिपिकांना चार शब्द सुनवायला. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. भाऊंनी हाताने खूण करून मला बसवलं. जिन्याखालून एक वायर ओढली, त्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि लिपिकांच्या लॅपटॉपला जोडून दिली. त्यांना म्हणाले, काका, तुमच्यासाठी खास लाइन दिली आहे. ते बिचारे खूश. त्या दिवसापासून ग्रंथालयात तक्रार नाही.

काम संपल्यावर त्यांनी जे केलं ते मी त्याआधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. आमच्या मजल्यावर एक लोखंडी कपाट आहे, त्यात सगळ्या वायरी आणि यंत्रं येऊन मिळतात. त्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला भाऊंनी इमारतीचा हाताने काढलेला नकाशा चिकटवला. दर तीन पावलांवर मोजलेले आकडे, कुठे भिंत जाड, कुठे लोखंडी जिना. त्याखाली एक कोरा कागद आणि त्यावर तीन रकाने: तक्रार काय, सापडलं काय, केलं काय. शेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. जिथे जिथे भाऊंनी काम केलं तिथे तिथे कपाटाच्या दारावर हे असायचंच, मग ते धुळ्यातलं हॉस्पिटल असो की पाचोऱ्याची जिनिंग. पुढे जो कोणी येईल त्याला पहिल्यापासून डोकं फोडावं लागू नये, म्हणून. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'ग्रंथालय दुपारी मंद. एक जुनं यंत्र लांबून बोलत होतं. वायर दिली.' मी म्हटलं, कुणाचं ते पण लिहा की. तेव्हा ते म्हणाले, "दारावर माणसाचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की पुढचा येणारा दुखणं शोधत नाही, माणूस शोधतो."

त्यानंतर आठ वर्षं भाऊ आमच्याकडे येत राहिले. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला चारचौघांत मॅडम आणि एरवी ताई. फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायचे, आमच्या लॅबमध्ये बसून खायचे, आणि माझ्या डब्यातली केळीची भाजी बघून दर वेळी हसायचे. माझं माहेर यावलकडचं, केळीवाल्यांचं. त्यांचं म्हणणं, तुम्ही लोक केळी पिकवता, विकता, परत घरी येऊन तीच खाता, कंटाळा कसा येत नाही. एकदा सावद्याकडच्या एका केळीच्या गोदामात त्यांना बोलावलं होतं आणि मालक माझ्या चुलतभावाच्या ओळखीचे म्हणून मीही बरोबर गेले. तिथे मालाची नोंद हातातल्या यंत्रांवर व्हायची आणि ती यंत्रं ऐन गर्दीत मुकी व्हायची. ज्याने जाळं बसवलं होतं तो शपथेवर सांगत होता की मी स्वतः मोजून दिलंय, कोपऱ्या-कोपऱ्यात पूर्ण सिग्नल आहे. भाऊ सकाळी रिकाम्या गोदामात क्रेटवर बसले. सगळं झकास चालत होतं. मग गाड्या लागल्या, क्रेटच्या थप्प्या छतापर्यंत चढल्या, आणि दुपारपर्यंत मधल्या बोळात यंत्रं गप्प. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, केळीत काय असतं, ताई? मी शेतकऱ्याची पोर, आणि मला उत्तर आलं नाही. पाणी असतं. निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच. हवेतलं बोलणं पाण्याने शोषून घेतलं. डबे छतावरून काढून बोळांच्या तोंडाशी खाली आणले आणि काम झालं. परतताना गाडीत ते म्हणाले होते, रिकाम्या खोलीत मोजलं की सगळंच चांगलं येतं. माणसं येऊन बसल्यावर मोजायला पाहिजे.

आता मला ते सांगायचं आहे जे मी टाळत आले.

आमच्या कॉलेजातल्या सगळ्या डब्यांची पॉवर भाऊंनी निम्मी ठेवली होती. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. फोनवर दोनच रेघा दिसतात, लोकांना पूर्ण रेघा हव्या असतात. भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. पॉवर वाढवली म्हणजे डब्याचा आवाज वाढतो, कान वाढत नाहीत. डबा तुमच्यापर्यंत ओरडून पोचेल, तुमच्या फोनचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचायला नको का? आणि एवढे डबे एकाच इमारतीत ओरडायला लागले की ते एकमेकांनाच ऐकत बसतात, आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत. हे त्यांनी आपल्या अहिराणीत एकदा शिपायाला सांगितलं होतं, "बठ्ठा एकदम बोलतस म्हनीसन कोनलेच ऐकू येत नही." सगळेच एकदम बोलले की कुणालाच ऐकू येत नाही, हे शिपायाला चटकन कळलं. आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांना कळलं नाही. त्यांच्या केबिनमध्ये दोन रेघा दिसायच्या आणि त्या दोन रेघा त्यांच्या डोळ्यांत खुपायच्या. तीन वेळा त्यांनी मला बोलावून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, मॅडम, एवढं साधं जमत नसेल तर बघू आपण.

बघू आपण. मी तेव्हा त्या कॉलेजात नऊ वर्षं हंगामी होते. मला कायम करण्याची फाइल त्याच प्राचार्यांच्या टेबलावर होती. घरी यजमानांचं दुकान बंद पडलेलं, मुलगी दहावीला. हे मी सबब म्हणून सांगत नाही, किंवा सांगतही असेन, कोण जाणे. मी लॅबमध्ये आले, संगणकावर डब्यांच्या सेटिंगचा पडदा उघडला आणि पॉवर पूर्ण केली. एकट्या त्यांच्या केबिनची करायची तरी अक्कल असावी... रागारागात मी सगळ्याच डब्यांची केली. दुसऱ्या दिवशी प्राचार्य जिन्यात भेटले, हसले, म्हणाले, बघा, मनावर घेतलं की होतं. भाऊंना मी कळवलं नाही. कळवते कळवते म्हणत दहा दिवस गेले, आणि अकराव्या दिवशी सभागृहात ऑनलाइन परीक्षा होती.

त्या सकाळचं मी काय लिहू. सभागृह गच्च भरलेलं, प्रत्येकाच्या स्क्रीनवर पूर्ण रेघा, आणि कुणाचंच पान पुढे सरकत नव्हतं. आदल्या दिवशी मी रिकाम्या सभागृहात बसून तपासलं होतं, छान चालत होतं. सावद्याची केळी बघून आलेली बाई मी. मुलांनी लिहिलेली उत्तरं गेली, दोन मुली हमसून रडल्या, बाहेर पालक जमले. परीक्षा रद्द झाली. संस्थेच्या संचालकांनी दुपारीच विचारलं, हे जाळं कोणी लावलं? आणि धुळ्याला फोन गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊ नेहमीच्या एसटीने आले. नेहमीसारखं सभागृहात स्टूल मांडून तासभर बसले. मी मुद्दाम वर्गभर मुलांना आणून बसवलं होतं, त्यांनीच फोनवर सांगितलं होतं तसं. मग माझ्याबरोबर वर आले आणि त्यांनी पडदा उघडला. त्या पडद्यावर कोणी, कधी, काय बदललं याची यादी असते. ती उघडायची किल्ली दोघांकडेच होती, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले. मागे माउसचा आवाज थांबला. आता विचारतील, आता विचारतील... मग त्यांनी विचारलं.

"ताई, फाइल कुठवर आली तुमची?"

"सरांच्या टेबलावर आहे," मी म्हटलं.

ते हं म्हणाले. मग एकेक डबा घेत त्यांनी सगळ्यांची पॉवर पुन्हा निम्मी केली आणि खाली त्या भरलेल्या सभागृहात जाऊन तपासून आले. कपाटाचं दार उघडलं, दोऱ्याची पेन्सिल हातात घेतली आणि उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते बघायला मी पुढे गेले नाही. त्यानंतर आम्ही खाली बैठकीला गेलो. संचालकांनी विचारलं, चूक कोणाची? भाऊ उभे होते. बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "मोजणीत माझी चूक झाली, साहेब." त्यानंतर संचालक जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. वय झालं, जमत नाही तर सोडून द्यावं, मुलांच्या आयुष्याशी खेळू नये, असं बरंच काही. प्राचार्य मान डोलवत होते. मी तिसऱ्या खुर्चीवर होते. माझ्या तोंडात जीभ होती. एरवी ती शिपायापासून संचालकांपर्यंत कुणाला सोडत नाही, हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. त्या दिवशी ती हलली नाही.

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. वाटलं होतं की निदान इथे ते काहीतरी बोलतील, मग मी रडेन, माफी मागेन, मोकळी होईन. ते एवढंच म्हणाले, पॉवरला आता हात लावू नका, बठ्ठं नीट चालेल. आणि रिक्षात बसले. महिन्याभरात माझी फाइल सही होऊन आली. भाऊंचं काम मोठ्या शहरातल्या एका कंपनीला दिलं गेलं. कंपनीची माणसं आली तेव्हा जाळं उत्तम चालत होतं, कारण भाऊ ते नीट करून गेले होते, आणि त्याचं श्रेय कंपनीला मिळालं. ती माणसं यायच्या आदल्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. कपाटाचं दार उघडून, त्या कागदाकडे न बघता, त्यावर एका बँकेचं मोठं कॅलेंडर चिकटपट्टीने चारही बाजूंनी लावून टाकलं. चोराच्या मनात चांदणं. पुढची सहा वर्षं त्या दारावर ते एकच जुनं साल होतं, आणि कुणी विचारलंच तर मी म्हणायचे, राहू द्या, मागे भोक आहे.

बातम्या पसरायला आपल्याकडे वायफाय लागत नाही. जळगावच्या दोन शाळांनी, मग धुळ्याच्या त्या हॉस्पिटलनेही भाऊंना बोलावणं बंद केलं. नंतर ते दुकानांचे कॅमेरे लावत, घरोघरचे राउटर बघत, असं मी ऐकून होते. एकदाच भेटले, दोन वर्षांपूर्वी, जळगावच्या बसस्टँडवर. पिशवीतून स्टुलाचे पाय बाहेर आलेले. खूप वाळले होते. मी दिसताच हसून पुढे आले आणि विचारलं, सभागृह नीट चालतं ना? मी हो म्हटलं, माझी बस लागलीय म्हटलं, आणि वळले. मी राहते मेहरूणला, मला कुठल्याच बसने जायचं नव्हतं. एका खांबाआड उभी राहून मी त्यांची धुळ्याची गाडी सुटेपर्यंत थांबले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी धुळ्याला गेले. देवपूरच्या त्या घरात पांढऱ्या चादरींवर माणसं बसलेली, बुद्धमूर्तीपुढे भाऊंचा फोटो, मेणबत्त्या. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, सगळ्यांबरोबर मीही हात जोडले. पाच शीलांमधलं चौथं खोटं न बोलण्याचं. भाऊ रोज सकाळी हे म्हणूनच घराबाहेर पडायचे, त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्या माणसाने बोललेलं एकच खोटं मला माहीत होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. निघताना प्रज्ञा मला सोडायला दारापर्यंत आली. पुण्यात नोकरी करते, बापासारखीच हळू बोलते. म्हणाली, मॅडम, एक विचारू का? पप्पांचं तुमच्याकडे नेमकं काय चुकलं होतं हो? ते कधीच सांगायचे नाहीत. मला सांगता आलं असतं, तिथल्या तिथे. आत माणसं आहेत, आज दिवस नाही, अशी मी स्वतःला समजूत घातली, आणि तिला म्हटलं, जुनी गोष्ट आहे बेटा, फार तांत्रिक आहे.

परतीच्या एसटीत एरंडोल येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते. दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडताच मी कॅलेंडर फाडून काढलं. चिकटपट्टीबरोबर नकाशाचा एक कोपरा निघून आला. खाली भाऊंची पेन्सिल होती, तशीच लटकत, आणि शेवटची नोंद होती. 'परीक्षेत सभागृह बंद पडलं. सगळ्या डब्यांची पॉवर पूर्ण आढळली. पुन्हा निम्मी केली. सभागृह भरलेलं असताना तपासलं, ठीक.' बैठकीत ते खोटं बोलले, पण दारावर त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. कुणीही ते वाचलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की मोजणी चुकली नव्हती, मागाहून कुणीतरी हात लावला होता. त्यांची निर्दोष सुटका त्या दारावर सहा वर्षं लिहिलेली होती आणि तिच्यावर मी कॅलेंडर चिकटवलं होतं.

त्या रविवारी मी पुन्हा धुळ्याला गेले. प्रज्ञा अजून तिथेच होती. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, पाणी दिलं, मी ते तसंच हातात धरून सगळं सांगितलं, फाइलसकट, कॅलेंडरसकट. प्रज्ञा मध्येच उठून आत निघून गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही. वहिनी रागावतील, हाकलून देतील, मी त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्यांना बोलत होते. तुमचं लक्ष राहिलं नाही, वय झालं, म्हणून कामं गेली. जेवायला बसले की बोलायची. ते ऐकून घ्यायचे." त्यांनी पदराने तोंड झाकलं. कोपऱ्यात भाऊंचं स्टूल घडी घालून भिंतीला टेकवलेलं होतं, मी त्याच्याकडे बघत बसले. माझ्या गप्प राहण्याने एका माणसाचं काम गेलं, एवढाच हिशेब मी इतकी वर्षं धरून होते. त्याच गप्पपणाने त्यांच्या ताटातला घासही कडू केला होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी क्षमा मागितली. वहिनींनी ती दिली नाही, नाकारलीही नाही. निघताना म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांनी त्यांना नावं ठेवली त्यांना कळेल असं कुठंतरी लिहा."

आताच्या प्राचार्यांना मी जाऊन सांगितलं, लेखीही दिलं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, कशाला उकरून काढता मॅडम, आता तो माणूसही नाही. म्हणून हा लेख. जळगाव-धुळ्यात ज्यांनी भाऊंना बोलावणं बंद केलं त्यांच्यापैकी कुणी ही पुरवणी वाचत असेल, तर त्यांनी आपापल्या कपाटाचं दार एकदा उघडून बघावं. तिथेही नकाशा असेल.

आमच्या दारावर मी भाऊंच्या शेवटच्या नोंदीखाली त्यांच्याच पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे. टोक मोडलेलं होतं, भाजी चिरायच्या सुरीने काढलं. माणसाचं नाव लिहायचं नाही हा त्यांचा नियम त्या दारावर चौदा वर्षं पाळला गेला होता, तो मी मोडला. 'पॉवर मी वाढवली होती. बैसाणे भाऊंची मोजणी बरोबर होती. संध्या भंगाळे.' परवा कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला होता. त्याने कपाट उघडलं, वाचलं, माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, हो, मीच ती. आणि त्याला म्हटलं, कपाटात काही बघण्याआधी सभागृहात जाऊन तासभर बसा, माणसं आत्ताच भरली आहेत.